केंटकीच्या दप्तरांतले लिंकन

१८६० सालच्या मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाने अब्राहम लिंकनला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा केंटकी राज्यातील हार्डिन काउंटीच्या कचेरीत दप्तरदारी करण्यात ज्याची हयात गेली होती त्या सॅम्युएल हेक्राफ्टने त्याला पत्र पाठवून त्याच्या कुळाची विचारपूस केली आणि त्याची आई म्हणजे एलिझाबेथटाउनची सारा बुश असावी असे गृहीत धरले. २८ मेच्या उत्तरात लिंकनने, आपली गफलत झाली आहे, माझ्या आईचे माहेरचे नाव नॅन्सी हँक्स, असे सौम्यपणे कळविले. हेक्राफ्टला दोष देण्याचे कारण नाही. अब्राहमचा बाप थॉमस लिंकन याचे सारा बुशशी १८१९ साली झालेले लग्न, म्हणजे त्याचा दुसरा विवाह, हार्डिन काउंटीतला. पहिल्या विवाहाचा त्या दप्तरात मागमूसही नव्हता. पुढे लिंकनच्या हत्येनंतर चरित्रकारांनी आणि जिज्ञासूंनी त्याच कचेरीतली कपाटे धुंडाळली, त्यांच्याही हाती काही लागले नाही. आणि जे कागदावर सापडत नाही ते घडलेच नसावे, असा सोयीस्कर तर्क करणाऱ्यांची वाण कोणत्याच देशात नसल्यामुळे, राष्ट्राध्यक्षाच्या जन्मदात्यांचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबूज जवळजवळ एक तप चालत राहिली.

कागद होता, पण तो शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, स्प्रिंगफील्ड येथील कचेरीत, इतर शेकडो विवाहपत्रांच्या गठ्ठ्यात पडून होता. १८७८ साली तेथील दप्तरदार डब्ल्यू. एफ. बुकर याने एका स्थानिक गृहस्थाच्या आग्रहावरून शोध घेतला, तेव्हा १० जून १८०६ या तारखेचा पन्नास पौंडांचा जामीनकतबा त्याच्या हाती आला. त्या काळी वराने आणि एका जामीनदाराने, या विवाहास कायद्याची कोणतीही हरकत नाही, असली तर आम्ही सरकारास इतकी रक्कम देणे लागू, असे लिहून द्यावे लागे. या कतब्यावर थॉमस लिंकनची आणि रिचर्ड बेरीची सही आहे. बेरीने आपल्या नावापुढे ‘पालक’ या अर्थाचा शब्द लिहिला आहे तो अशुद्ध लिहिला आहे, आणि तेवढ्याने त्या कागदाला जो जिवंतपणा आला आहे तो कोणत्याही चरित्रकाराच्या शैलीने आला नसता. त्याच दप्तरात जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने एप्रिल १८०७ मध्ये दाखल केलेली, आपण लावलेल्या लग्नांची याद आहे. तीत १२ जून १८०६ या दिवशी थॉमस आणि नॅन्सी यांचे नाव आहे. ज्यांनी हे कागद लिहिले त्यांना या दांपत्याचे मूल कोण होणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते, कारण ते मूल तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि म्हणूनच त्यांची साक्ष मला मातब्बर वाटते.

आद्य वसाहतकऱ्यांच्या घराण्याचा माग काढू पाहणाऱ्याने पहिली गोष्ट ही ध्यानात धरावी लागते, की तेथे माणूस जागचा हालत नाही आणि काउंटी मात्र त्याच्या पायाखालून सरकत जाते. १७७६ च्या अखेरीस सारे केंटकी ही व्हर्जिनियाची एकच काउंटी होती, १७८० साली तिचे जेफर्सन, फायेट आणि लिंकन असे तीन भाग झाले (हे तिसरे नाव सेनापती बेंजामिन लिंकनचे, आमच्या घराण्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा). मग जेफर्सनमधून नेल्सन फुटली, नेल्सनमधून हार्डिन आणि वॉशिंग्टन निघाल्या, आणि १७९२ च्या १ जूनला केंटकी स्वतंत्र राज्य झाले. एकाच खोऱ्यातील एकाच कुटुंबाची मोजणी एका कचेरीत, वारसाहक्काचे प्रकरण दुसरीत आणि विवाह तिसरीत नोंदलेला असतो. ज्याने आधी त्या त्या वर्षीच्या सीमांचा नकाशा जवळ ठेवला नाही, त्याने हेक्राफ्टला हसू नये.

या घराण्याचे केंटकीतील पहिले पाऊल उमटते ते राष्ट्राध्यक्षाच्या आजोबांच्या, म्हणजे कॅप्टन अब्राहम लिंकनच्या रूपाने. पेनसिल्व्हेनियात १७४४ साली जन्मलेला हा मनुष्य बापाबरोबर व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यात, लिनव्हिल ओढ्याच्या काठी येऊन शेती करीत होता. १७८० च्या फेब्रुवारीत त्याने तेथील जमीन पाच हजार पौंडांना विकली. आकडा पाहून डोळे दिपण्याचे कारण नाही. क्रांतियुद्धाच्या त्या वर्षी व्हर्जिनियाच्या कागदी चलनाची किंमत पालापाचोळ्याइतकी उरली होती. खरी मौज पुढे आहे. ४ मार्च १७८० रोजी त्याने त्याच कागदी पैशातून १६० पौंड खजिन्यात भरले आणि चारशे एकरांची ३३३४ क्रमांकाची चिठ्ठी घेतली, कारण १७७९ च्या कायद्याने शंभर एकरांना चाळीस पौंड हा भाव बांधून दिला होता आणि चलन घसरले तरी तो भाव मात्र जागच्या जागी होता. हा खेडूत अर्थशास्त्र शिकला नव्हता. पण चढ्या भावाने विकून बांधल्या भावाने घेण्याची अक्कल त्याला होती, असे हे दोन कागद एकापुढे एक ठेवले म्हणजे दिसते.

जमीन विकताना त्याच्या पत्नीची, बाथशेबाची, संमतीही घेतली गेली होती. पतीच्या पश्चात त्याच्या जमिनीच्या तृतीयांशावर विधवेचा आमरण हक्क असे, म्हणून खरेदीखत पुरे होण्यास तिने तो हक्क सोडणे अवश्य असे. आणि ही संमती दडपणाखाली दिलेली नाही याची खात्री व्हावी म्हणून न्यायाधीशांनी तिला नवऱ्यापासून दूर, एकांतात विचारावे, असा दंडक होता. त्या एकांतातल्या प्रश्नोत्तरांतून कोणा स्त्रीने ‘नाही’ म्हटले असेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. तथापि जिचे नाव करयादीत नाही, मतदानात नाही, सैन्याच्या हजेरीत नाही, तिचे अस्तित्व या एका कलमामुळे कागदावर उमटले, ही त्या शुष्क कायद्याची अनपेक्षित देणगी होय. रॉकिंगहॅम काउंटीचे, म्हणजे या खोऱ्याचे, दप्तर मात्र अर्धवट जळलेले आहे: १८६४ च्या जूनमध्ये ते सुरक्षित स्थळी नेण्यासाठी गाड्यांत भरले असता उत्तरेच्या सैन्याने त्या गाड्यांना आग लावली. त्या सैन्याचा सर्वोच्च सेनापती तेव्हा, अमेरिकेच्या घटनेप्रमाणे, त्याच खोऱ्यातून गेलेल्या आजोबांचा नातू होता.

खजिन्याची चिठ्ठी म्हणजे जमीन नव्हे. जमीन मिळविण्याचा तो नुसता परवाना. केंटकीत चिठ्ठी, मागणीची नोंद, मोजणी आणि सनद अशा चार पायऱ्या चढाव्या लागत, आणि यांतील मोजणी सरकारने आधी करून ठेवलेली नसे: ज्याच्या त्याने आपल्या पसंतीची जागा हेरायची, मोजणीदार बोलवायचा, शेजाऱ्यांनी साखळी ओढायची, आणि ओढे, झाडे, वाटा यांच्या खुणांनी चतुःसीमा बांधायची. लाँग रन नावाच्या ओढ्यावरील आमच्या कॅप्टनची मोजणी ७ मे १७८५ ची आहे. फ्लॉइड्स फोर्कच्या या शाखेवर, तिच्या मुखापासून सुमारे दोन मैल वर, काठावरच्या खूण केलेल्या एका शुगर मेपलपासून आरंभ. तेथून पूर्वेस ३०० पोल, एका पॉप्लर आणि शुगर मेपलपर्यंत. उत्तरेस २१३ पोल आणि एक तृतीयांश, बीच आणि डॉगवुडपर्यंत. पश्चिमेस ३०० पोल, व्हाइट ओक आणि हिकरीपर्यंत. आणि दक्षिणेस २१३ पोल एक तृतीयांश, आरंभस्थानी. साखळी ओढणारे दोघे लिंकनच, अनानाया आणि जोसाया. झाडांवर खुणा करणारा स्वतः अब्राहम. आणि कागदावर नाव ‘लिंकहॉर्न’. त्या काळी दप्तरी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहावे आणि धन्याने ते खोडून काढू नये, अशी चाल असल्यामुळे वंशशोधकाला एकाच आडनावाचे सहा अवतार शोधावे लागतात.

ही लांबीरुंदी गुणून पाहिली तर चौसष्ट हजार चौरस पोल येतात. १६० चौरस पोलांचा एकर, म्हणजे बरोबर चारशे एकर, न एक कमी न एक जास्त. जंगलात साखळी ओढणाऱ्यांचा हिशेब इतका काटेकोर यावा, याचा अर्थ हिशेब आधी झाला आणि साखळी नंतर ओढली गेली, किंवा ओढल्यावर बाकीची काळजी केली गेली नाही, असा माझा तरी तर्क आहे. पोल म्हणजे साडेसोळा फूट. महाराष्ट्रातील वाचकाला हे माप परके वाटेल, पण ते त्याच्याच सात-बारात बसलेले आहे: आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट चौरस, अर्थात दोन पोल लांब आणि दोन पोल रुंद, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी सर्वेक्षणाची एकच साखळी लाँग रनच्या अरण्यात आणि, गोल्डस्मिड व विंगेट यांच्या बंदोबस्तापासून, इंदापूरच्या माळरानावर खुळखुळली. फरक एवढाच की इंदापुरात ती सरकारने ओढली आणि केंटकीत प्रत्येकाने आपापली.

त्या चतुःसीमेत एक नाव नाही, ते शॉनी लोकांचे. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा राष्ट्रांनी ओहायो नदीच्या दक्षिणेची भूमी इंग्रजांना दिली, आणि जे तिच्यावर प्रत्यक्ष शिकार करून पोट भरत होते ते शॉनी त्या तहात नव्हतेच. कॅप्टन अब्राहम याच लाँग रनवर १७८६ च्या मे महिन्यात शेतात काम करीत असता मारला गेला. त्याच्या मुलांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. पण काउंटीचे दप्तर या मृत्यूची दखल घेते ती केवळ जिंदगीच्या वाटणीपुरती.

ती जिंदगीची याद नेल्सन काउंटीत १० मार्च १७८९ ला दाखल झाली, आणि तिच्याइतके बोलके पत्रक मी क्वचितच वाचले आहे. पंचांनी घरात शिरून एकेक वस्तू उचलून पाहिलेली दिसते: तांबूस घोडा आठ पौंड, काळा घोडा साडेनऊ पौंड, वासरासह तीन गायी, नांगर आणि त्याचे सामान, निंदणीच्या तीन खुरप्या, जवसाचा चरखा, एक डझन जस्तकथिली ताटल्या, करवत, तीन आकारांचे गिरमिट, कातडे कमावण्याचे सुरे, तीन बंदुका, पिसांचे दोन अंथरूण-संच आणि टर्कीच्या पिसांचे एक साधे, शेवटी दीड शिलिंगाची मेणबत्तीची बैठक आणि एक कुऱ्हाड. एकंदर ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. वस्तूंच्या यादीतून त्या घराचा धंदा कळतो: कातडी कमावणे, सुतारकाम, दूधदुभते, सूतकताई. पुस्तक एकही नाही. सर्वात मोलाची वस्तू म्हणजे काळा घोडा, आणि त्याच्या खालोखाल पिसांचे अंथरूण. सरहद्दीवर माणूस झोपेची किंमत जाणतो.

आणि आता ज्या एका तारखेवर या घराण्याचे पुढले पन्नास वर्षांचे दैव उलटले ती तारीख. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८५ साली जुना ज्येष्ठाधिकार मोडून सर्व मुलांना सारखा वाटा देण्याचा कायदा केला खरा, पण तो अमलात आला १ जानेवारी १७८७ ला. कॅप्टन लिंकन सात महिने अगोदर मेला. परिणामी सारी जमीन थोरला मुलगा मॉर्डेकाई याच्या पदरात पडली आणि धाकटा थॉमस, वय वर्षे आठ, पायात वहाणा असतील तर तेवढ्यांचा धनी राहिला. पुढे राष्ट्राध्यक्षाने आपल्या आत्मकथनात बापाला भटका मजूर पोर म्हणून रेखाटले, आणि चरित्रकारांनी त्याच्यात भर घालून आळशी, अजाण, कफल्लक अशा विशेषणांची बरसात केली. थोर पुत्राची उंची अधिक वाटावी म्हणून बापाला खड्ड्यात उभे करण्याची ही युक्ती जगभर चालते.

दप्तराने त्या बापाला थोडे वर काढले. हॉजेनव्हिल येथे वास्तव्य केलेल्या लुई वॉरेन या धर्मोपदेशकाने केंटकीच्या अनेक काउंट्यांची बाडे चाळून १९२६ साली जे पुस्तक काढले त्याने थॉमसचे नाव खरेदीखतांत, करयाद्यांत, ज्युरींच्या हजेऱ्यांत, रस्त्यांच्या हुकुमांत जागोजाग दाखवून दिले. थॉमसने सप्टेंबर १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर ११८ पौंडांना घेतले. १८१४ च्या करयादीत त्याच्या भागातील ९८ मालमत्ताधारकांत तो पंधरावा आहे. १८१६ च्या मे महिन्यात त्याला रस्त्याचा देखरेख्या नेमले. डेंटन गेगन नावाच्या गिरणीवाल्याने, तुळया नीट तासल्या नाहीत, म्हणून मजुरी अडवली तेव्हा थॉमसने न्यायालयात ओढून ती वसूल केली. हे सारे करणारा माणूस निरुद्योगी नव्हे. पण दप्तर कोणाचीच खुशामत करीत नाही. १८०५ साली हार्डिनच्या न्यायालयाने थॉमसला रात्री फिरून गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तीत नेमले, हेही त्याच बाडांतच आहे, आणि वॉरेनच्या शोधामुळे हर्षित होणाऱ्यांनी ते पान भराभर उलटू नये.

आता जमिनीचे पाहा. १८०३ त २३८ एकर म्हणून घेतलेली मिल क्रीकची जमीन १८१४ त विकताना मोजली तेव्हा दोनशे एकर भरली आणि थॉमसला शंभर पौंड मिळाले. अडतीस एकर कोठे गेले, याचे उत्तर जंगलात साखळी ओढणाऱ्यांकडे मागावे. डिसेंबर १८०८ मध्ये नोलिन ओढ्याच्या काठचे सिंकिंग स्प्रिंगचे शेत दोनशे डॉलर रोख देऊन घेतले; येथेच १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहम जन्मला. परंतु थॉमसच्या पूर्वीच्या एका खरेदीदाराकडे रिचर्ड मॅदर या मूळ धन्याची थोडी बाकी राहिलेली होती. मॅदरने १८१३ त हार्डिनच्या न्यायालयात दावा लावला, १८१६ त निकाल झाला, आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेली जमीन दुसऱ्याच्या उधारीपायी हातची गेली. तोवर कुटुंब नॉब क्रीकवर राहायला गेले होते. तेथे फिलाडेल्फियाच्या मिडलटन नामक सद्‌गृहस्थाच्या वारसांनी, आमच्या दहा हजार एकरांत तुम्ही घुसला आहात, असे म्हणत दहा कब्जेदारांवर बेदखलीचे दावे ठोकले, आणि त्यांतील थॉमसचा दावा नमुन्याखातर पुढे चालवण्याचे ठरले.

असे का व्हावे, हे समजण्यास केंटकीच्या नकाशाची कल्पना करावी. एकाच टेकडीवर चार चिठ्ठ्या, चार मोजण्या, चार सनदा, छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर सरकलेल्या. कोणती आधी आणि कोणती खरी, ते साक्षीदारांच्या आठवणीवर. त्या आठवणींसाठी ज्याला वारंवार साक्षीस नेत त्या डॅनिएल बूनने स्वतः अनेकांची मोजणी करून दिली होती आणि स्वतःच्या जमिनी या गुंत्यात गमावल्या. १७९९ साली तो मिसूरीकडे निघून गेला. राष्ट्राध्यक्षाने पुढे सांगितले की बापाने केंटकी सोडले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या अडचणींमुळे. चरित्रकारांना यातला पहिला भाग फार आवडतो. मला दुसरा भाग, तो दप्तराने शब्दशः खरा केला म्हणून, अधिक मोलाचा वाटतो.

१८१६ च्या डिसेंबरात कुटुंब इंडियानात गेले. तेथील भूमी मात्र १७८५ च्या आदेशाप्रमाणे सरकारने आधीच चौकोनांत आखली होती: सहा मैल लांबीरुंदीची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. मॅदरही नाही, मिडलटनही नाही. विकणारे सरकार एकटेच. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमसने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत भाग ३२ चा नैर्ऋत्य चतुर्थांश, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, म्हणजे १६० एकर, दोन डॉलर एकराने नोंदवले; तेव्हा सोळा डॉलर भरले आणि डिसेंबरात चौसष्ट. ओळखीची झाडे येथे कोणी शोधत नाही, आकड्यांनीच जमीन सापडते. पुरती फेड त्याला झेपली नाही, निम्मी जमीन त्याने सोडून दिली, आणि उरलेल्या ८० एकरांची सनद ६ जून १८२७ ला मिळाली. मध्यंतरी, १८१८ च्या जूनमध्ये, नॉब क्रीकचा नमुन्याचा दावा निकाली निघाला होता. ज्युरीने कौल थॉमसच्या बाजूने दिला, आणि तेव्हा थॉमस दीड वर्षापूर्वीच इंडियानात गेला होता.

नॅन्सीची आई कोण, हा प्रश्न असाच एका तिसऱ्याच काउंटीच्या दप्तरात जाऊन पडतो. मर्सर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने नोव्हेंबर १७८९ मध्ये लुसी हँक्स नामक स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप ठेवला. १७९० च्या एप्रिलमध्ये हेन्री स्पॅरोशी तिच्या विवाहाचा कतबा झाला, त्यासोबत आपण सज्ञान आहोत असे तिने स्वहस्ते लिहून दिलेले प्रमाणपत्र आहे, आणि मे महिन्यात तो आरोप निकालात काढला गेला. लिहिता येणारी स्त्री त्या सरहद्दीवर दुर्मीळ होती, हे त्या प्रमाणपत्राकडे पाहताना विसरू नये. या लुसीचीच मुलगी नॅन्सी, की दुसऱ्या कोणाची, यावर वंशशोधक शतकभर भांडत राहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, मातृवंशाच्या जनुकांवर आधारलेल्या तपासणीने लुसीच्या बाजूने कौल दिला.

इकडे थॉमसचा मुलगा मोठा झाला, इलिनॉयला आला, आणि १८३३ साली सँगामन काउंटीचा मोजणीदार जॉन कॅल्हून याच्या हाताखाली उपमोजणीदार झाला. साखळी आणि होकायंत्र उधारीवर घेतले होते. पुढल्याच वर्षी एका सावकाराच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत घोडा, खोगीर आणि ती मोजणीची हत्यारे जप्त होऊन लिलावात निघाली, तेव्हा जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्याला परत दिली. १८३६ च्या फेब्रुवारीत त्याने पीटर्सबर्ग गावाची फेरमोजणी करून नकाशा दाखल केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला वकिलीची सनद मिळाली.